कम्युनिकेशन-लीडरशिपचं मास्टर्स करताय? कोर्सेसची यादी शेवटाकडून भरत या

जून-जुलै आला की ऑफिसातलं, सोसायटीतलं, नात्यातलं कोणी ना कोणी विचारायला येतंच, की कम्युनिकेशन आणि लीडरशिपच्या मास्टर्सला ॲडमिशन मिळालीये, आता कोर्सेस कुठले घेऊ. मोबाइलवर विद्यापीठाचा कॅटलॉग उघडलेला असतो, चार-पाच नावं निवडून झालेली असतात, आणि निवडलेली असतात ती नाव भारी वाटलं म्हणून. नाव भारी असायला माझी काहीच हरकत नाही, पण या डिग्रीत कुठला कोर्स घेतला याच्याइतकंच तो कधी घेतला आणि कशाच्या जोडीला घेतला हेही बघावं लागतं. ते कॅटलॉगमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं.

मी इंटर्नल कम्युनिकेशनमध्ये काम करते, हा अभ्यास मला मनापासून आवडतो, आणि म्हणूनच वाईट वाटतं जेव्हा कोणी दोन वर्षं आणि एवढे पैसे घालून शेवटी दहा वेगवेगळे कोर्स हातात घेऊन उभं राहतं ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. त्यामुळे सगळ्यांना माझं सांगणं एकच असतं: शेवटच्या सेमिस्टरला तुम्ही काय प्रोजेक्ट करणार ते आधी ठरवा, अगदी कच्चं का असेना, आणि मग तिथून एकेक पायरी मागे येत यादी भरा.

आधी तासांचा हिशोब

क्रेडिटचे आकडे देशादेशाप्रमाणे बदलतात त्यामुळे नुसते आकडे बघून काही कळत नाही. अमेरिकेत अशी डिग्री साधारण ३० ते ३६ क्रेडिटची असते, एक कोर्स बहुतेक वेळा ३ क्रेडिटचा, म्हणजे १० ते १२ कोर्स. ब्रिटनमध्ये १८० क्रेडिट असतात पण तिथे एक क्रेडिट म्हणजे १० तासांचा अभ्यास धरतात, आणि त्यातले ६० बऱ्याचदा एकट्या डिसर्टेशनला म्हणजे शेवटच्या प्रबंधाला जातात. आपल्याकडे महाराष्ट्रात नवीन शैक्षणिक धोरण लागू झाल्यापासून दोन वर्षांच्या पीजीला ८० ते ८८ क्रेडिट, म्हणजे सेमिस्टरला २० ते २२. तर ३० म्हणजे सोपं आणि १८० म्हणजे अवघड असं काही नसतं, तास किती ते विचारा.

अमेरिकन हिशोब असा आहे की एका क्रेडिटला आठवड्यात एक तास वर्ग आणि कमीत कमी दोन तास स्वतःचा अभ्यास, असं साधारण १५ आठवडे. म्हणजे एका क्रेडिटचे ४५ तास आणि ३ क्रेडिटच्या कोर्सचे १३५. पंधरा आठवड्यांत पसरलं तर आठवड्याला ९ तास होतात, ते नोकरी करणाऱ्याला जमतं. पण नोकरी करणाऱ्यांसाठीच्या ऑनलाइन डिग्र्यांमध्ये बऱ्याच ठिकाणी टर्म ८ आठवड्यांची असते, आणि तेच १३५ तास ८ आठवड्यांत बसवायचे म्हटलं तर आठवड्याला जवळजवळ १७ तास. एका वेळी एकच तर कोर्स आहे, त्यात काय, असं म्हणून लोक दोन घेतात आणि मग आठवड्याला ३४ तास म्हणजे नोकरीच्या वर दुसरी नोकरी झाली. सिंहगड रोडवर राहून हिंजवडीला जाणाऱ्या माणसाचे रोजचे दोन-तीन तास रस्त्यातच जातात, ते तास आधी वजा करा, घरच्या जबाबदाऱ्यांचे तास वजा करा, आणि मग उरलं किती ते कागदावर लिहा. खरा आकडा लिहा, मनातला नको.

शेवट म्हणजे नक्की काय

प्रत्येक विद्यापीठात शेवटचं काम वेगळं असतं. कुठे थिसिस म्हणजे मोठा संशोधन प्रबंध असतो, कुठे कॅपस्टोन म्हणजे एखाद्या संस्थेच्या खऱ्या प्रश्नावर केलेलं काम, कुठे पोर्टफोलिओ, तर कुठे सर्वसमावेशक परीक्षा. आपल्याकडच्या नवीन रचनेत तिसऱ्या सेमिस्टरला ४ क्रेडिटचा आणि चौथ्याला ६ क्रेडिटचा रिसर्च प्रोजेक्ट आहे. पुढे पीएचडी करायची असेल तर जिथे शक्य आहे तिथे थिसिसच घ्या. नोकरीत वर जायचं असेल तर कॅपस्टोन, कारण त्यातलं काम मुलाखतीत समोर ठेवता येतं.

आता विषय. "लीडरशिप आणि सोशल मीडिया" हा विषय नाही, ते कपाटाचं लेबल झालं. विषय म्हणजे असा प्रश्न ज्याचं उत्तर कोणाकडे जाऊन, काय विचारून मिळेल ते तुम्हाला सांगता आलं पाहिजे. एक उदाहरण जरा नीट उलगडून दाखवते कारण इथेच सगळ्यांची गाडी अडते.

पुण्यात कचरा वेचणाऱ्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे, आणि त्यातूनच २००८ मध्ये स्वच्छ ही सहकारी संस्था उभी राहिली, जिचे सभासद घरोघर जाऊन कचरा गोळा करतात. आपल्या सगळ्यांच्या सोसायटीत हे रोज सकाळी घडतं. आता प्रश्न असा करा: सोसायटीची कमिटी बदलल्यावरही लोक ओला-सुका वेगळा करत राहतात का, आणि राहत असतील तर ते चेअरमनने लिफ्टजवळ लावलेल्या नोटिशीमुळे की कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंशी रोज दारात होणाऱ्या दोन वाक्यांमुळे? बघा, यात कम्युनिकेशन पण आहे, लीडरशिप पण आहे, आणि पद नसलेल्या माणसाच्या शब्दाला वजन कुठून येतं हा त्या अख्ख्या शाखेचा मुख्य प्रश्न पण आहे. शिवाय हे करायला पुण्याबाहेर जावं लागत नाही.

आता या प्रश्नावरून मागे या. लोकांशी बोलायचंय म्हणजे मुलाखती, म्हणजे क्वालिटेटिव्ह मेथड्सचा कोर्स हवाच आणि तो प्रोजेक्टच्या आधी किमान एक सेमिस्टर पूर्ण व्हायला हवा. नोटीस विरुद्ध दारातलं बोलणं म्हणजे औपचारिक आणि अनौपचारिक मार्ग, हे ऑर्गनायझेशनल कम्युनिकेशनमध्ये येतं. पद नसताना नेतृत्व हे लीडरशिप थिअरीत. कमिटीतली भांडणं मध्ये येणारच, त्यासाठी कॉन्फ्लिक्टवरचं इलेक्टिव्ह, म्हणजे सक्तीचा नसलेला, आपण निवडायचा कोर्स. चार कोर्स तर इथेच ठरले, आणि ब्रँडिंग, क्रायसिस पीआर वगैरे कितीही आकर्षक वाटलं तरी या प्रश्नाला ते लागत नाही हेही ठरलं. कितीतरी लोक महिना महिना कॅटलॉग चाळतात पण प्रश्न एकदा असा समोर असला की निवड एका संध्याकाळी होते.

प्रश्न पुढे बदलला तर? बदलू दे, बहुतेकांचा बदलतोच. पण मुलाखती घ्यायला, लेख वाचायला, माणसं का ऐकतात हे तपासायला शिकलेलं कुठे जात नाही.

रिसर्च मेथड्स पहिल्याच टर्मला, किंवा फार तर दुसऱ्या

सगळ्यात जास्त लोक हाच कोर्स पुढे ढकलतात. बीए-बीकॉम झालेली मुलं संख्याशास्त्राच्या नावाने घाबरतात, आणि मग तिसऱ्या सेमिस्टरला मेथड्स आणि प्रोजेक्ट दोन्ही एकदम डोक्यावर बसतं. आपल्याकडच्या नवीन रचनेत हा ४ क्रेडिटचा कोर्स पहिल्याच सेमिस्टरला सक्तीचा केलाय, ते मला फार योग्य वाटतं. परदेशी डिग्रीत मात्र कधी घ्यायचा ते बहुतेक तुमच्यावर असतं, त्यामुळे स्वतःच लवकर घ्या.

का, तर बाकीच्या प्रत्येक कोर्सला तुम्हाला जर्नलमधले लेख वाचावे लागतात, आणि सॅम्पल कसं घेतलं, सहसंबंध म्हणजे काय आणि त्यावरून कारण का सिद्ध होत नाही, मुलाखतींचं कोडिंग म्हणजे उत्तरांची मुद्द्यांप्रमाणे विभागणी कशी करतात, हे माहीत नसेल तर तुम्ही त्या लेखाची फक्त सुरुवात आणि शेवट वाचता. मधलं सगळं सोडून देता. मेथड्स झाल्यावर तोच लेख अर्ध्या वेळात वाचून होतो आणि त्यातली कच्ची बाजू पण दिसते, मग तुमचा पेपर आपोआप चांगला होतो. भीती वाटत असेल तर टर्म सुरू व्हायच्या आधीच्या सुट्टीत स्वयम या सरकारी ऑनलाइन कोर्सेसच्या पोर्टलवर प्राथमिक संख्याशास्त्राचा कोर्स ऐकून ठेवा, शिकायला फुकट आहे, फी लागते ती परीक्षेची.

झोटेरो पण पहिल्याच आठवड्यात शिकून घ्या. संदर्भ साठवायचं फुकट सॉफ्टवेअर आहे, आणि कम्युनिकेशनमध्ये बऱ्याच ठिकाणी लागणाऱ्या एपीए या संदर्भ लिहायच्या पद्धतीत यादी आपोआप करून देतं. पहिल्या कोर्सपासून त्यात टाकत गेलात तर शेवटच्या प्रोजेक्टला निम्मं वाचन तयार असतं.

सक्तीच्या कोर्सेसचा क्रम

कम्युनिकेशन थिअरी आधी, लीडरशिप नंतर, असं मी सांगते. उलटं केलं तरी चालतं पण लीडरशिपच्या सिद्धांतांत बोलणं हा मुद्दा सगळीकडे असतो आणि तो आधी कळलेला असला की ते सिद्धांत नुसते पाठ करावे लागत नाहीत. हर्सी आणि ब्लँचर्डची परिस्थितीनुसार नेतृत्वाची मांडणी १९६९ ची, रॉबर्ट ग्रीनलीफ हे एटी अँड टी मध्ये आयुष्य घालवलेले गृहस्थ, त्यांनी सेवक म्हणून नेता ही कल्पना १९७० मध्ये मांडली, मग १९७८ मध्ये जेम्स मॅकग्रेगर बर्न्सनी देवघेवीचं नेतृत्व आणि माणूस बदलवणारं नेतृत्व असा फरक केला, आणि १९८५ मध्ये बर्नार्ड बास यांनी तो मोजता येईल असा केला. हा क्रम लक्षात ठेवून वाचलं की प्रत्येकजण आधीच्या माणसाला काय उत्तर देतोय ते कळतं. सुटं सुटं वाचलं तर सगळे सारखेच वाटतात.

एथिक्सचा कोर्स लोक सोपा समजून शेवटाला ठेवतात. त्यापेक्षा मेथड्सच्या जोडीला घ्या, कारण माणसांवर अभ्यास करायचा तर परवानगी, संमती, नावं गुप्त ठेवणं हे सगळं लागतंच आणि दोन्हीकडचं वाचन एकमेकांना उपयोगी पडतं.

इलेक्टिव्ह निवडताना

वर्णन वाचू नका, सिलॅबस मागवा. मागच्या वर्षीचा सिलॅबस ईमेल केला की बरेच प्राध्यापक देतात. तो हातात आला की पहिलं पान सोडा आणि थेट गुण कशाला आहेत त्या पानावर जा. दर आठवड्याला चर्चा लिहायची असेल आणि त्याला ३० टक्के असतील तर तो कोर्स सतत वेळ खाणार, एकही आठवडा सुटी नाही. शेवटच्या एका पेपरला ५० टक्के असतील तर आधी निवांत आणि शेवटी प्रचंड. ग्रुप प्रोजेक्ट असेल तर बाकीची माणसं कुठल्या टाइम झोनमध्ये असतील ते विचारा. दोन कोर्स एकत्र घ्यायचे असतील तर एक दर आठवड्याचा आणि एक शेवटच्या पेपरचा अशी जोडी लावा, दोन्ही शेवटच्या पेपरचे असले तर डिसेंबरचा पहिला आठवडा झोपेशिवाय जातो.

आणि दुसरं, कुठलं इलेक्टिव्ह कधी असतं ते विचारा. बऱ्याच ठिकाणी काही कोर्स वर्षाआड चालवतात. तुमच्या प्रोजेक्टला लागणारा कोर्स नेमका तुम्ही पास होऊन गेल्यावर असेल तर काय उपयोग? म्हणून असे कोर्स यादीत सगळ्यात आधी भरायचे आणि दर टर्मला असणारे नंतर.

इंटरकल्चरल कम्युनिकेशन मात्र जमलं तर घ्याच, विशेषतः पुण्यात बसून अमेरिकन डिग्री करत असाल तर. हॉफस्टेड या डच अभ्यासकांनी १९६७ ते १९७३ च्या दरम्यान आयबीएमच्या कर्मचाऱ्यांच्या सर्वेक्षणांवरून देशादेशांची तुलना केली, त्यात सत्तेतलं अंतर लोक किती स्वीकारतात याच्या मापावर भारताचा आकडा ७७ आहे आणि अमेरिकेचा ४०. वर्गातल्या बाकीच्यांसाठी हा नुसता तक्ता असतो. तुम्ही मात्र रोज बघता की मीटिंगमध्ये साहेबांसमोर कोणी बोलत नाही आणि तेच लोक नंतर टपरीवर चहा पिताना सगळं बोलतात, आणि ऑफिसबॉय ज्यांना मॅडम म्हणतो त्यांनाच कँटीनच्या मावशी ताई म्हणतात आणि दोन्हीत आदर आहे पण अंतर वेगळं आहे. हे तुम्ही पेपरमध्ये लिहा, अगदी बारकाईने लिहा, आणि पन्नासेक वर्षांपूर्वीच्या एका कंपनीतल्या माहितीवरून अख्ख्या देशाबद्दल किती बोलावं हा प्रश्नही विचारा. असा पेपर वर्गात दुसरं कोणी लिहू शकत नाही. आपली मुलं तिकडचीच उदाहरणं शोधून लिहितात, तेव्हा मला फार हळहळ वाटते.

पब्लिक स्पीकिंग किंवा ऱ्हेटरिकचा म्हणजे वक्तृत्वशास्त्राचा कोर्स असेल तर तो वसंत ऋतूच्या टर्मला घ्या, कारण न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला टिळक स्मारक मंदिरात एप्रिल-मेमध्येच असते. ॲरिस्टॉटलचं इथॉस, पॅथॉस, लोगॉस म्हणजे वक्त्याची विश्वासार्हता, भावना आणि तर्क हे वाचायचं आणि संध्याकाळी जाऊन मागच्या रांगेत वही घेऊन बसायचं, वक्ता विश्वास कधी मिळवतो, श्रोते कधी मोबाइल काढतात, प्रश्नोत्तरांत कोण उठतं. असाइनमेंटला याच्यापेक्षा चांगला मसाला पुण्यात मिळणार नाही.

कालनिर्णय आणि टर्मच्या तारखा शेजारी शेजारी

हे माझ्या वहिनीकडून घेतलंय. ती एचआरमध्ये आहे, हिंजवडीला जाते, आणि अमेरिकन विद्यापीठातून ऑनलाइन करतेय. तिने डायनिंग टेबलवर कालनिर्णय उघडलं, शेजारी विद्यापीठाचं कॅलेंडर ठेवलं आणि तीन रंगांच्या पेनांनी खुणा केल्या: हिरवा घरचा, निळा ऑफिसचा, लाल पेपर द्यायच्या तारखांचा. जिथे दोन रंग एका आठवड्यात आले तिथे एकच कोर्स, आणि तीन आले ती ८ आठवड्यांची टर्म सरळ सोडून दिली.

अमेरिकेची फॉल टर्म ऑगस्टच्या शेवटी सुरू होऊन डिसेंबरच्या मध्यावर संपते. आता २०२६ मध्ये गणपती १४ सप्टेंबरला बसतायत आणि अनंत चतुर्दशी २५ ला, म्हणजे ऐन टर्म रंगात यायला लागली की लक्ष्मी रोडकडचं सगळं बंद, घरात पाहुणे, ढोल-ताशा पथकात असाल तर विचारूच नका. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, तेव्हा शेवटच्या पेपरचा मसुदा द्यायची वेळ. याच्या मध्ये १ नोव्हेंबरला तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा संध्याकाळी ६ चा लाइव्ह वर्ग जो तुम्ही इथे सकाळी साडेसहाला करत होतात तो साडेसातला होतो, आणि साडेसातला बसवर असणाऱ्याचा सगळा बेत कोलमडतो. पूर्व किनाऱ्यावरचं विद्यापीठ असेल तर तोच वर्ग आपल्याकडे पहाटे साडेतीनला आणि नोव्हेंबरपासून साडेचारला. असा वर्ग आठवड्याला दोनदा असेल तर घेऊच नका, रेकॉर्डिंग चालतं का ते आधी लेखी विचारा.

त्यामुळे फॉलला जमेल तितकं हलकं ठेवायचं, जड वाचनाचे कोर्स जानेवारीच्या टर्मला टाकायचे. कंपनीत मार्च-एप्रिल म्हणजे वर्षअखेर आणि अप्रेझल, एचआर आणि फायनान्सवाल्यांनी तोही काळ बघावा. बँकेत काम करणाऱ्या एका मैत्रिणीने त्यामुळेच मार्चमध्ये काहीच न घेता समर टर्ममध्ये एक कोर्स उरकला, मुलांच्या शाळेला सुट्टी आणि आजोळ जवळ, तिला ते फार सोयीचं गेलं.

परवानग्या आणि मराठीचा वेळ

ही दोन कामं कोणी प्लॅनमध्ये धरत नाही. अमेरिकन विद्यापीठातून माणसांच्या मुलाखती घेऊन संशोधन करायचं असेल तर साधारणपणे त्यांच्या आयआरबी म्हणजे एथिक्स तपासणाऱ्या मंडळाकडून आधी मंजुरी लागते किंवा मंजुरीतून सूट मिळाल्याचं पत्र तरी लागतं. प्रश्नांची यादी, संमतीपत्र, माहिती कुठे ठेवणार, सगळं द्यावं लागतं आणि त्याला आठवडे जातात. तुमची माणसं मराठी बोलणारी असतील तर संमतीपत्र मराठीत हवं आणि त्याचं इंग्रजीही हवं. मंजुरीच्या आधी घेतलेली मुलाखत वापरता येत नाही, कितीही छान झालेली असो. म्हणून प्रोजेक्टच्या आधीच्या टर्मलाच अर्ज तयार ठेवा.

मुलाखत मराठीत घेतली तर एका तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला चार-पाच तास सहज जातात, आणि मग त्यातल्या वापरायच्या भागाचं भाषांतर. पंधरा मुलाखती म्हणजे नुसतं उतरवणंच साठ-सत्तर तास. मुलाखती कमी करा पण मराठीतच घ्या. आमच्या ओळखीच्या एका मुलाने इंग्रजीत विचारलं तर सोसायटीच्या सेक्रेटरी काकांनी मिनिटसमध्ये लिहितात तशी उत्तरं दिली, मराठीत विचारल्यावर तेच काका पाऊण तास बोलले.

पुण्यातच शिकत असाल तर

आपल्याकडे नेमकी याच नावाची डिग्री सहसा दिसत नाही, मास कम्युनिकेशन, जर्नालिझम, मीडिया स्टडीज अशी असते. काही बिघडत नाही, लीडरशिपची बाजू तुम्ही इलेक्टिव्ह आणि स्वयममधून बांधू शकता. यूजीसीच्या म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे एका सेमिस्टरचे ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून घेता येतात, पण तुमच्या विद्यापीठाने तो कोर्स मान्य केलेला हवा, म्हणून नाव नोंदवायच्या आधी विभागप्रमुखांची लेखी परवानगी घ्या. क्रेडिट ॲकॅडमिक बँकेत म्हणजे क्रेडिट साठवायच्या सरकारी ऑनलाइन खात्यात जमा होतात आणि जास्तीत जास्त ७ वर्षं टिकतात, तर मध्ये गॅप घ्यायचा विचार असेल तर तो हिशोब डोक्यात ठेवा. एका वर्षानंतर थांबलात तर पीजी डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं.

दुसऱ्या सेमिस्टरला ४ क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्ट असतं. जिथे मिळेल तिथे इंटर्नशिप करू नका. शेवटच्या प्रोजेक्टला जिथे परत जायचंय तिथेच जा, म्हणजे माणसं ओळखीची होतात आणि तिसऱ्या सेमिस्टरला दारं उघडी असतात. स्वयंसेवी संस्था, हॉस्पिटलचा जनसंपर्क विभाग, विद्यापीठाचा विद्यावाणी रेडिओ, मोठं गणेश मंडळ, जिथे पाचपन्नास माणसं पगाराशिवाय किंवा थोड्या पगारात कोणाचं तरी ऐकून काम करतात अशी कुठलीही जागा या विषयाला उत्तम. वाचायला पुणे विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय आहेच.

परदेशी डिग्री करून नंतर इथे प्राध्यापकी किंवा पीएचडी करायची असेल तर समकक्षतेचं, म्हणजे ती डिग्री इथल्या डिग्रीइतकी धरली जाते का याचं, आधी बघा. यूजीसीने २०२५ मध्ये त्याचे नवीन नियम आणलेत, ते वाचा, आणि विशेषतः डिग्री ऑनलाइन असेल तर फी भरायच्या आधी लेखी उत्तर मिळवा. आणि प्रत्यक्ष अमेरिकेला जाणार असाल तर एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर दर टर्मला ऑनलाइनचा एकच कोर्स म्हणजे ३ क्रेडिटच पूर्णवेळात धरतात, बाकीचे वर्गातलेच घ्यावे लागतात, हे इलेक्टिव्ह निवडताना विसरू नका. शिकून परत यायचं मनात असेल तर छानच. ना. भि. परुळेकर कोलंबिया विद्यापीठात शिकून पुण्यात आले आणि १९३२ मध्ये त्यांनी सकाळ सुरू केला, तिकडे शिकलेलं इथल्या वाचकासाठी वापरायची पुण्यात जुनी वाट आहे.

यादी झाली की सल्लागाराला ईमेल करा, नोंदणी उघडायच्या दोन-तीन आठवडे आधी, नंतर त्यांना वेळ नसतो. ईमेल लांब नको. प्रोजेक्टचा प्रश्न दोन ओळींत, त्याखाली टर्मप्रमाणे कोर्सेसचा तक्ता आणि प्रत्येक कोर्ससमोर तो कशासाठी घेतोय ते चार शब्दांत. मग हे विचारा: यातला कुठला कोर्स पुढच्या दोन वर्षांत चालणार नाहीये, कुठल्या कोर्सला आधी दुसरं काही करावं लागतं, माझ्या विषयावर मार्गदर्शन करणारे प्राध्यापक प्रोजेक्टच्या टर्मला रजेवर तर नाहीत ना, आणि मी एक टर्म थांबले किंवा थांबलो तर फी आणि डिग्रीची मुदत याचं काय होतं. उत्तर फोनवर मिळालं तरी त्याच दिवशी "आपलं असं बोलणं झालं" म्हणून ईमेल टाकून ठेवा आणि तो तक्त्याच्याच फोल्डरमध्ये सेव्ह करा.